नऊ नंबरची टोपली

मी एक जुनी लोखंडी टोपली आहे, मित्रांनो. भाजीची नव्हे, फुलांची नव्हे, आणि आता तर सरळ उभीसुद्धा नव्हे. एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळाशी, हिरव्या पाण्याच्या काठावर मी आडवी पडले आहे. माझ्या साखळ्यांवर गंज चढला आहे आणि खांबाच्या बुडाला सिमेंटचा गोळा अजून तसाच चिकटलेला आहे. कोणी मला पाहिलं तर भंगार म्हणेल आणि पुढे जाईल. पण भंगारालाही भूतकाळ असतो. माझा भूतकाळ ऐकून तुमच्या अंगावर काटा आला, तर मला वाईट वाटणार नाही. तो यावा म्हणूनच मी बोलते आहे.

आधी माझं काम सांगते. डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडू नसतो आणि काठीही नसते. जेवणाच्या ताटलीहून थोडी लहान अशी प्लास्टिकची चकती असते. ती हाताने फेकायची आणि दूर उभ्या असलेल्या टोपलीत टाकायची. जितक्या कमी फेकींत चकती आत जाईल, तितका खेळाडू तरबेज. टोपली म्हणजे एक खांब, वर लोखंडी कडं, कड्यातून लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्या खाली जाळीचं भांडं. चकती साखळ्यांवर आदळते, साखळ्या तिचा जोर खातात आणि ती भांड्यात पडते. कधी कधी जोराची चकती साखळ्यांमधून परत बाहेर उसळते. मग मुलं म्हणतात, "टोपली थुंकली!" हा शब्द मला फार लागत असे.

माझ्या जन्माला कारण झाली एक मुलगी. ती नववीत होती. उंच, लांब हातांची, एका जागी क्षणभर न थांबणारी. घरी आणि शाळेत सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेतल्या प्रत्येक संघाने तिला एकदा घेतलं होतं आणि एकदा काढलं होतं. फुटबॉलमध्ये तिचे पाय एकमेकांत अडकत, बास्केटबॉलमध्ये ती चुकून स्वतःच्याच बाजूला गुण करून येई. सुट्टीत ती मामाकडे गेली, तेव्हा मामाने तिला एका बागेत नेलं आणि हातात चकती दिली. आपले हात एवढे लांब का आहेत, ते तिला त्या दिवशी कळलं. परत आली ती मामाने दिलेल्या तीन चकत्या आणि डोक्यात एक वेड घेऊन.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या शिस्तीच्या होत्या, पण खडूस नव्हत्या. भिंगरी क्लब काढायची परवानगी मागायला गेली, तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. "पंधरा मुलं जमव. जबाबदारी घेईल असा एक शिक्षक आण. आणि दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही, अशी जागा शोध." भिंगरी नाचत दारापर्यंत गेली, तेव्हा मागून चौथी अट आली. "आणि ऐक. वर्ष संपायच्या आत बाहेरच्या शाळेशी एक तरी सामना झाला पाहिजे. नाही झाला, तर क्लब बंद. नुसत्या हौसेला मी जागा अडवू देणार नाही."

मुलं जमवली ती इतर संघांनी नाकारलेल्यांमधून. कोणाला जाड चष्मा, कोणाला लगेच दम लागायचा, कोणी इतकं लाजाळू की हजेरीलाही "हजर" म्हणताना घाम फुटायचा. चौदा झाली आणि गाडं अडलं. तेव्हा भिंगरीने आपल्या धाकट्या बहिणीचं नाव यादीत घातलं. बहीण सातवीत होती. ताई जाईल तिथे ती मागे, म्हणून तिचं नाव पडलं होतं शेपूट, आणि तिला त्याचा रागही येत नसे.

"ताई, मला फेकता येत नाही," ती म्हणाली.

"धावता येतं ना? मग चकत्या आणून दे."

धावण्यात मात्र तिचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. पंधरावी सही अशी झाली. त्या कागदावर ती सही नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला इथे पडल्या पडल्या फार वेळा वाटतं.

शिक्षक मिळाले ते कार्यशाळेचे सर. त्यांच्या खिशात कायम ओळंबा असे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. ते सोडलं की दोरी सरळ खाली लोंबते आणि समोरची वस्तू सरळ आहे की कललेली, ते कळतं. सर भिंतीला ओळंबा लावत, दाराच्या चौकटीला लावत, आणि कोणी पोक काढून बसलं की त्याच्या पाठीलाही लावत. म्हणून ते ओळंबासर. माणूस सोन्यासारखा होता. पोरांनी मोडलेल्या सायकली ते फुकट जोडून देत. फक्त वाकडं काही त्यांच्या डोळ्यांना सोसत नसे.

राहिली जागा. मैदान फुटबॉलचं, बाजूची पट्टी धावणाऱ्यांची, पुढचं अंगण प्रार्थनेचं. उरली ती फक्त शाळेच्या मागची लांबट मोकळी जमीन. तिच्यावर काटेरी झुडपं माजली होती आणि तिच्या टोकाला ही खाण होती. खाणीच्या कडेने गुडघाभर उंचीच्या दगडांची एक रांग मांडलेली होती. त्या रांगेपलीकडे कोणी जायचं नाही, असा शाळेचा जुना नियम होता आणि तो सगळे पाळत. जी जागा कोणालाच नको असते, तिच्यामागे काहीतरी कारण असतं. पण फुकट मिळालेल्या जागेचा आनंद एवढा मोठा होता की कारण विचारायला कोणाला सवड झाली नाही.

मग आम्ही जन्मलो. सरांनी आणि मुलांनी दोन महिने रोज शाळा सुटल्यावर खपून आम्हा नऊ जणींना घडवलं. जुन्या सायकलींच्या रिंगांची कडी झाली, गंजलेल्या पाण्याच्या पाइपांचे खांब झाले. साखळ्या आल्या मोडलेल्या झोपाळ्यांच्या. मी सगळ्यांत शेवटची, नऊ नंबरची. तोवर सरांचा हात बसला होता, म्हणून माझं जोडकाम सर्वांत साफ उतरलं, असं म्हणतात. भिंगरीने स्वतः मला नारिंगी रंग दिला आणि नाकावर नारिंगी ठिपका घेऊन घरी गेली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझी जागा ठरली अगदी टोकाला, दगडांच्या रांगेच्या अलीकडे आठ पावलांवर. फेकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी, आणि माझ्यामागे एकदम मोकळं आभाळ. पण मध्ये झुडपं होती. ती चकत्या गिळत आणि काढायला गेलं की हात रक्तबंबाळ करत. म्हणून सरांनी एका सुट्टीच्या दिवशी कुदळी आणि पहारी आणल्या आणि सगळ्यांना कामाला लावलं.

शाळेचे माळीकाका दुरून हे बघत होते. त्यांनी आपली पाण्याची नळी खाली ठेवली आणि जवळ आले. "सर, वरून छाटा हवं तेवढं. पण कडेच्या झुडपांची मुळं काढू नका. ही जागा त्यांनीच धरून ठेवलीय."

"मुळं ठेवली तर दोन महिन्यांत पुन्हा जंगल होईल, काका," सर हसून म्हणाले. "काम करायचं तर मुळापासून करायचं."

संध्याकाळपर्यंत जमीन हाताच्या तळव्यासारखी झाली. मग खड्डा खणला, सिमेंट ओतलं, मला उभी केली. सरांनी चारही बाजूंनी ओळंबा लावला. मी सुतात होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माळीकाका मात्र उपटलेल्या मुळांचा ढीग बराच वेळ बघत उभे राहिले आणि नळी उचलून गेले.

ते पहिले काही महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. लाजाळू मुलगा माझ्यासमोर पहिल्यांदा मोठ्याने ओरडला. चष्मेवाली मुलगी चाळीस पावलांवरून माझ्यात चकती टाकू लागली. मला चुकवून पलीकडे गेलेली चकती थेट खाणीत जाई, त्यामुळे नऊ नंबरला सगळ्यांची छाती धडधडे आणि म्हणूनच नऊ नंबर सगळ्यांची लाडकी. या मुलांनी एक रिवाज पाडला होता. कोणी पहिल्याच फेकीत चकती टोपलीत टाकली, की त्याला ते "एकफेकी" म्हणत. एकफेकी झाली की संघातल्या सगळ्यांनी धावत सुटायचं, टोपलीचा खांब दोन्ही हातांनी धरायचा आणि सगळ्यांनी मिळून साखळ्या खणखणवायच्या. सर्वांत आधी खांबाला हात लावायचा मान शेपटाचा. कारण तिच्याआधी कोणी पोचतच नसे.

मग पाऊस झाला. काही विशेष नव्हता, दरवर्षीसारखाच. पण मुळं निघाली होती आणि मातीत त्यांच्या जागी बारीक बोळ राहिले होते. पाणी त्या बोळांतून आत शिरलं. वर गवत हिरवंगार होत होतं आणि खाली, माझ्या सिमेंटच्या गोळ्याच्या पाठीमागे, माती कणाकणाने निघून जात होती. अधूनमधून खाणीच्या पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येई. तो आवाज फक्त मला ऐकू येई, कारण तेव्हा वर कोणी नसे. माणसं म्हणतात, पायाखालची वाळू सरकली. माझ्या बाबतीत ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

मित्रांनो, मला तोंड नाही. मला एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे झुकणं. मी झुकले. दोन बोटं, खाणीकडे.

सोमवारी सरांनी ओळंबा लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पहारीने मला मागे ओढलं, खांबाच्या बुडाशी दगडाच्या चिपा ठोकल्या आणि पुन्हा ओळंबा लावला. मग खिशातून वही काढून लिहिलं, "नऊ नंबर: सरळ केली." पुढच्या सोमवारी मी पुन्हा झुकले होते. पुन्हा पहार, पुन्हा चिपा, पुन्हा वहीत तेच वाक्य. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं जे म्हणतात, ते माझ्या वाट्याला दर आठवड्याला आलं. मी जीव तोडून सांगत होते आणि ते माझं बोलणं दर सोमवारी व्यवस्थित पुसून टाकत होते. सरांचा मला राग नव्हता. आपण माझी किती काळजी घेतो, असंच त्यांना वाटत होतं.

शेपटाने एक गोष्ट पाहिली होती. चकत्या आणायला ती सारखी त्या बाजूला येई आणि येता-जाता रांगेतले दगड मोजायची तिला सवय होती. एके दिवशी ती म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्यात तेवीस दगड होते. आज एकवीसच आहेत."

"मोजताना चुकली असशील."

"दोनदा मोजले गं."

"मग कोणीतरी नेले असतील. चकती आण आधी."

नंतर गवतात एक भेग दिसू लागली. ती माझ्या पुढच्या बाजूला होती, शाळेच्या दिशेला. म्हणजे मी आणि माझ्याभोवतीची सगळी जमीन भेगेच्या पलीकडे, खाणीच्या बाजूला राहिलो होतो. आधी तिच्यात पेन्सिल मावे, मग शेपटाचा पंजा आडवा मावू लागला. तोवर बाहेरच्या एका शाळेशी सामना ठरला होता. सरांनी ती भेग मातीने बुजवली, वर हिरवळीचे तुकडे बसवले आणि माळीकाकांना सांगितलं, "सामन्यापर्यंत इथे रोज पाणी मारा. हिरवं दिसलं पाहिजे."

"भेगेत पाणी घालू म्हणता?" काकांनी विचारलं.

ते मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी सरांना बोलावलं. सरांनी बाईंना माझ्यासमोर आणून उभं केलं आणि ओळंबा सोडला. दोरी माझ्या अंगाला चिकटून सरळ खाली आली. "बघा बाई, सुतात आहे." बाईंनी बघितलं. मी खरंच सरळ होते, कारण सरांनी तासाभरापूर्वीच मला सरळ केलं होतं. काका खाली मान घालून परत गेले. त्या दिवसापासून ते हिरवळीला पाणी मारण्याचं नाटक करत आणि नळी शेजारच्या झाडांकडे वळवत.

पण त्यांना चैन पडेना. एका दुपारी भिंगरी एकटीच सराव करत होती, तेव्हा ते तिच्याजवळ आले.

"पोरी, एक विचारू? ही टोपली वाऱ्याने झुकते म्हणतेस ना?"

"सर म्हणतात तसं."

"वाऱ्याने झुकली असती, तर कधी इकडे झुकली असती, कधी तिकडे. ही दर वेळी खाणीकडेच का झुकते?"

भिंगरी चकती हातात फिरवत उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते. तिला कळलं, मित्रांनो. तिच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. तिने माझ्या बुडाशी बघितलं, चिपांचा ढीग बघितला, मग दगडांची रांग बघितली. त्या दिवशी दगड सतरा होते.

"काका, सामन्याला नऊ दिवस राहिलेत," ती हळूच म्हणाली. "पाहुण्या शाळेने लिहिलंय, पूर्ण नऊ टोपल्या असतील तरच येऊ. आठ असतील तर सामना नाही. आणि सामना नाही तर क्लब नाही. नऊ नंबरला आता दुसरी जागाच नाही हो कुठे."

"म्हणून?"

"सामना होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाईंना सांगते. शप्पथ."

काका पाठ फिरवून झाडांकडे गेले. भिंगरीने मूग गिळले. पंधरा नाकारलेल्या मुलांना तिने एक घर मिळवून दिलं होतं आणि ते मोडायची तिची छाती झाली नाही. मी तिला दोष देणार होते, पण तिच्या जागी मी असते आणि मला कोणी असं विचारलं असतं, तर मी काय केलं असतं, हे मलाही सांगता येत नाही.

नऊ दिवस मी मोजत राहिले. रोज थोडी माती गेली.

सामन्याच्या सकाळी मी तीन बोटं झुकले होते. सरांनी मला सरळ केलं. चिपा आता ठोकल्या की आत जात आणि आतच नाहीशा होत, त्यांच्याखाली काही लागतच नव्हतं. सर क्षणभर थांबले. हातातल्या चिपेकडे त्यांनी पाहिलं. तेवढ्यात पाहुण्यांची बस आल्याची आरोळी उठली, आणि त्यांनी एक मोठा दगड बुडाशी सारून वर माती दाबली. रंगाचा एक हातही फिरवला. मी नव्या नवरीसारखी नटले होते आणि मनातून माझा थरकाप उडाला होता.

ऊन छान पडलं होतं. पालक आले होते, इतर वर्गांची मुलं आली होती. सगळ्यांना फेकण्याच्या जागेजवळ दोरीमागे उभं केलं होतं, माझ्यापासून लांब. आठव्या टोपलीपर्यंत दोन्ही शाळा बरोबरीत होत्या. पाहुण्यांच्या शेवटच्या खेळाडूने मला गाठायला दोन फेकी घेतल्या. आता उरली भिंगरी. दोन फेकींत टाकली तर बरोबरी. एकीत टाकली तर जिंकले.

तिने चकती हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. सत्तर पावलांवरूनही मला कळलं की ती साखळ्यांकडे बघत नाही, माझ्या बुडाकडे बघते आहे. मग मागून कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं, सगळे ओरडू लागले, आणि तिने हात मागे नेला.

आयुष्यभर मी एकच प्रार्थना केली होती, की समोरून येणारी चकती माझ्यात पडावी. त्या क्षणी मी उलटी प्रार्थना केली. चुक, पोरी, चुक. झाडावर आदळ, खाणीत जा, कुठेही जा. कारण चकती आत पडली, तर ती पंधरा मुलं धावत येणार होती, त्यांच्यामागे त्यांची मित्रमंडळी, आणि सगळ्यांनी मिळून हा खांब धरायचा होता. चकती डावीकडून वळण घेत आली. अशी सुंदर फेक मी कधी पाहिली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, थुंक. एवढ्या वेळा नको असताना थुंकलीस, आज थुंक. चकती साखळ्यांवर आदळली, साखळ्यांनी तिचा जोर खाल्ला आणि ती भांड्यात पडली. सरांनी मला फार चांगलं घडवलं होतं.

सगळं मैदान ओरडलं. दोरी खाली पडली आणि मुलं सुटली. सर्वांत पुढे शेपूट.

माळीकाका बाजूला नळी घेऊन उभे होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, बुजवलेल्या भेगेकडे होतं. हिरवळीचे तुकडे एकमेकांपासून वेगळे होताना त्यांनी पाहिले. "थांबा!" ते ओरडले, पण त्या गदारोळात कोण ऐकतंय? मग त्यांनी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि पाण्याचा जोराचा फवारा सरळ धावणाऱ्या मुलांच्या तोंडावर सोडला. मुलं किंचाळली, थबकली, एकमेकांवर आदळली, काही चिखलात पडली. लोक काकांवर ओरडायला लागले, "वेड लागलंय का?" तीस-चाळीस मुलं त्या पाण्यामुळे भेगेच्या अलीकडे राहिली.

पण शेपूट फवाऱ्याच्या आधीच पुढे गेली होती. तिचे दोन्ही हात माझ्या खांबावर होते. ती मागे वळून हसत ओरडली, "ताई, एकफेकी!"

आणि आम्ही दोघी गेलो.

पडताना फारसा आवाज झाला नाही. जमीन आधी खाली बसली, मग खाणीकडे झुकली, मग तिचा आमच्याशी काही संबंध राहिला नाही. तिने खांब सोडला नाही. तळाशी आलो तेव्हा ती पाण्याच्या काठावर होती, जिवंत होती, आणि माझ्या बुडाचा सिमेंटचा गोळा तिच्या उजव्या पायावर होता. वरून लोक येईपर्यंत बराच वेळ गेला. तोवर आम्ही दोघीच होतो. ती रडत नव्हती. ती हळू आवाजात वरचे दगड मोजत होती आणि दर वेळी बाराच्या पुढे तिला जाता येत नव्हतं.

तिचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. तो वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. ती आता काठी घेऊन चालते आणि भिंगरी तिच्या मागून चालते.

काही दिवसांनी ओळंबासर एकटेच खाली आले. वाट अवघड होती, त्यांचे कपडे मातीने भरले होते. ते माझ्यासमोर एका दगडावर बसले. माझ्या खांबाच्या बुडाशी ठोकलेल्या चिपा अजून सिमेंटला चिकटलेल्या होत्या. त्या त्यांनी बोटाने चाचपल्या. ओळंबा त्यांनी खिशातून काढला नाही.

"तू सांगत होतीस," ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी हातांत तोंड लपवलं. वर्ष संपल्यावर ते शाळा सोडून गेले. जाताना ती वही त्यांनी कोणाला दिली नसावी, असं मला वाटतं. कोणी ती वाचली असती, तर पुढे घडलं ते घडलं नसतं.

भिंगरीही एकदा आली, माळीकाकांबरोबर. ती खूप वाळली होती.

"बाईंना सगळं सांगितलं," ती काकांना म्हणाली. "तुम्ही मला आधी बोलला होता, ते पण."

"मग काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. खांद्यावर हात ठेवला फक्त. मारलं असतं ना काका, तर बरं झालं असतं."

काकांनी तिला उगी उगी केलं नाही. ते म्हणाले, "कळलं मलाही होतं, पोरी, आणि एकदा सांगून गप्प बसलो. पुन्हा पुन्हा सांगायला पाहिजे होतं. दारात जाऊन बसायला पाहिजे होतं." दोघं वाटेने वर गेली आणि मी पुन्हा एकटी झाले.

पुढच्या वर्षी क्लब पुन्हा सुरू झाला. मोठ्या बाईंनी प्रार्थनेचं अंगण अर्धं दिलं. तिथे नव्या टोपल्या उभ्या राहिल्या. वारा इकडचा असला की त्यांच्या साखळ्यांचा खणखणाट मला इथवर ऐकू येतो, आणि खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटतो. भिंगरी दहावी होऊन गेली. माळीकाका निवृत्त झाले. मोठ्या बाईंच्या जागी दुसरे कोणी आले. ज्यांना माहीत होतं, ते सगळे एकेक करून गेले.

जाण्याआधी बाईंनी वर एक तारेचं कुंपण घालून घेतलं होतं. नव्या कडेपासून दहा पावलं आत, लोखंडी खांबांचं, चांगलं मजबूत. त्यानंतर दोन पावसाळे गेले. खाणीच्या पाण्यात पुन्हा काहीतरी पडल्याचे आवाज येऊ लागले आहेत. मी खालून बघते. कुंपणाचे खांब झुकले आहेत, सगळे एकाच बाजूला, माझ्याकडे.

काल दोन माणसं आली. त्यांनी खांबांना दोर लावून ते मागे ओढले, बुडाशी दगड ठोकले आणि रंगाचा एक हात दिला. काम नीटनेटकं झालं. त्यांनी लांब जाऊन बघितलं आणि समाधानाने माना डोलावल्या.

मित्रांनो, वाकलेलं दिसलं की सरळ करायची घाई करू नका. खांब असो, भिंत असो की माणूस असो, आधी ते का वाकलं ते विचारा, आणि ते सांगत असेल तर ऐका. मोठ्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. कंटाळा येईपर्यंत सांगा. मला आवाज नाही, तुम्हाला आहे.

आणि हे फार दिवसांनी करायचं काम नाही. मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीची मुलं डबे घेऊन त्या कुंपणापाशी येतात. तिथे सावली असते. ती रांगेत बसतात आणि तारांना पाठ टेकतात. मला खालून त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात. तुमच्यापैकी कोणी त्या रांगेत असाल, तर डबा तिथेच राहू द्या. आधी उठा.